शंभर खांद्यांवरचा मनोरा

३ सप्टेंबरला वितेर्बोत कुणाचा पाय घरात ठरत नाही. दुपारपासूनच लोक रस्त्याकडेला जागा धरून बसतात. शेजारच्या आजींनी मला आदल्या दिवशीच बजावलं होतं, "उशीर केलास तर नुसती डोकी दिसतील."

रोमच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवरचं हे जुनं दगडी गाव. साँता रोझा ही इथली ग्रामदेवताच म्हणा ना. तेराव्या शतकातली ही मुलगी ऐन तारुण्यात गेली. ४ सप्टेंबर १२५८ रोजी पोप चौथे अलेक्झांडर यांनी तिचा देह मठात आणवला. त्या प्रसंगाची आठवण म्हणून आदल्या रात्री मिरवणूक निघते. तिच्या मूर्तीचा मनोरा, म्हणजे 'माक्किना', जवळपास ३० मीटर उंच आणि ५ टन वजनाचा असतो. चाकं नाहीत, यंत्र नाही. शंभरएक माणसं तो खांद्यावर घेऊन किलोमीटरभर चालतात.

या भोयांना 'फाक्किनी' म्हणतात. पांढरे कपडे, कमरेला लाल शेला. मधल्या रांगांतल्यांच्या डोक्याला कातडी टोपडं असतं, ते थेट मानेवर उतरतं. भोई व्हायचं तर १५० किलोची पेटी खांद्यावर घेऊन न थांबता चालून दाखवावं लागतं. आजींचे वडील भोई होते. "बाबांच्या मानेखाली घट्टा होता, लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायची," असं सांगताना त्यांचा हात आपोआप स्वतःच्या मानेकडे गेला.

निघण्याआधी सान सिस्तोच्या चर्चमध्ये बिशप त्यांना आशीर्वाद देतात, तोही मरणाच्या दारातल्या माणसाला देतात तो. हे ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. पण धोका खराच आहे. १८१४ मध्ये मनोरा कोसळला होता. १९६७ मध्ये वजन पेलेना म्हणून तो वाटेतच ठेवावा लागला. त्या रात्रीबद्दल आजी अजूनही फार बोलत नाहीत.

रात्री रस्त्यावरचे दिवे मालवले. एवढा मोठा जमाव, पण एकदम चिडीचूप. मग अंधारातून म्होरक्याची हाक आली, "सियामो तुत्ती दुन सेन्तिमेन्तो?" म्हणजे, आपण सगळे एका मनाचे आहोत ना? शंभर गळ्यांतून एकच उत्तर: "सी!" मी कोकणातली. शिमग्याला पालखी खांद्यावर घेतलेले काका-मामा बघत मोठी झाले. त्या एका "सी"ने माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

दिव्यांनी लखलखणारा मनोरा घरांच्या छपरांवरून हळूहळू सरकत आला. गल्ली इतकी अरुंद, की वरच्या सज्ज्यातल्या बाईने हात लांबवला असता तर तो सहज मनोऱ्याला लागला असता. माझ्यासमोरून गेला तेव्हा मला तो दिसलाच नाही. मला दिसल्या त्या खालच्या मानांच्या ताणलेल्या शिरा, आणि ऐकू आली ती एका ठेक्यात पडणारी पावलं.

शेवटचा चढ मठाकडे जातो आणि तो जवळजवळ धावतच चढायचा असतो. पुढे दोर ओढणारे, मागे रेटा देणारे, आणि सगळं गाव ओरडत असतं, "एव्हिव्वा साँता रोझा!" मीही घसा बसेपर्यंत ओरडले. मठासमोर मनोरा टेकला, तेव्हा एक दांडगा भोई शेला सोडत रडत होता. त्याची छोटी मुलगी धावत आली. ज्या खांद्यावर मनोरा होता, त्याच खांद्यावर त्याने तिला उचलून घेतलं. आजींनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता, तो घरी येईपर्यंत सोडला नाही.