तार किती ओढली आणि नळी किती वाकली

शस्त्रक्रियेच्या रोबोला जोडायच्या सुईएवढ्या लवचीक उपकरणांचे मॉडेल करायला घेतले की बहुतेक जण आधी वक्रतेच्या भूमितीत रमतात. माझ्या मते भूमिती हा त्यातला सोपा भाग आहे; सगळा हिशेब बिघडतो तो घर्षणापाशी.

१.२ मिमी बाह्य आणि १ मिमी आतील व्यासाची नायटिनॉलची (निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची) नळी घेऊ. तिच्या एकाच बाजूने लेसरने पाच खाचा पाडलेल्या आहेत, प्रत्येक खाच व्यासाच्या ८० टक्के खोल आणि नळीच्या लांबीत १ मिमी, आणि त्याच बाजूच्या आतल्या भिंतीलगत टोकापर्यंत गेलेली आणि तिथे पक्की केलेली एक तार आहे; ती ओढली की नळी वाकते. वाकणे सगळे होते ते खाचेमागे उरलेल्या अरुंद पट्टीत. त्यामुळे उदासीन अक्ष, म्हणजे वाकताना ना ताणली ना दाबली जाणारी रेषा, नळीच्या मध्यापासून सुमारे ०.४९ मिमी सरकून त्या पट्टीत जातो आणि तारेचे त्यापासूनचे अंतर जवळपास १ मिमी भरते. म्हणजे टोक ९० अंशांत वळवायला तार जेमतेम १.५७ मिमी ओढावी लागते. हे ऐकायला छान वाटते, पण ताणाखाली तार ०.१ मिमी जरी लांबली, तरी टोकाचा कोन सुमारे पावणेसहा अंशांनी चुकतो.

अशा वळणात प्रत्येक खाचेच्या वाट्याला १८ अंश येतात आणि पट्टीतील विकृती (मूळ लांबीच्या तुलनेत ताणले किंवा दाबले जाणे) ४ टक्क्यांच्या आसपास जाते. पोलाद इतक्यात कायमचे वाकडे झाले असते. नायटिनॉल परत सरळ होते, कारण साधारण १ टक्क्यानंतर त्यातील ऑस्टेनाइट या स्फटिकरचनेचे मार्टेन्साइट या दुसऱ्या रचनेत रूपांतर होऊ लागते आणि भार काढला की ते उलटते. मात्र त्या टप्प्यात विकृती वाढूनही प्रतिबल (दर क्षेत्रफळावरचे आतले बल) फारसे वाढत नाही, आणि भार काढतानाचा आलेख भार देतानाच्या आलेखाच्या खालून जातो, म्हणून यंग गुणांकाचा (प्रतिबल भागिले विकृती) एकच आकडा धरून भागत नाही.

आता घर्षण. खुंट्याला दाव्याचा वेढा देऊन म्हैस आवरणाऱ्याला जे हाताने कळलेले असते, तेच इथे घडते: तार भिंतीला घासते आणि वळणावर तिचा ताण घातांकी नियमाने घटतो. घर्षणांक ०.३ धरला, तर ९० अंशांच्या वळणात सुमारे ३८ टक्के ताण टोकापर्यंत पोहोचतच नाही. बुडाकडची खाच आधी आणि जास्त वाकते, टोकाकडची मागे राहते, आणि सर्वत्र समान वक्रतेचे गृहीतक तिथेच कोसळते. तार सैल सोडताना घर्षणाची दिशा उलटते, त्यामुळे तेवढ्याच ताणाला नळीचा आकार वेगळा असतो.

टोक ऊतीला टेकले की बाह्य बल हिशेबात घ्यावे लागते आणि तिथे १९०९ साली कोसेरा बंधूंनी मांडलेला, दांड्याचे वाकणे, पिळणे आणि ताणणे एकत्र हिशेबात घेणारा सिद्धांत उपयोगी पडतो, हे खरे. पण घर्षण न मोजता तो वापरला, तर चुकीचे उत्तरच दशांशाच्या चार स्थळांपर्यंत मिळते. म्हणून मी आधी तार न घालता, टोकावर बाहेरून बल लावून नळी वाकवतो आणि सोडतो. वाकवताना आणि सोडताना मिळणाऱ्या दोन आलेखांतील फट धातूची. मग तार घालून तेच वळण ओढतो आणि सोडतो. फट जेवढी रुंदावते, ती मुख्यतः घर्षणाची.