आयर्विनला किती?

सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये माणसं भेटली की ‘कसं काय’च्या आधी ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा 1929 सालचा पूल; त्यापाशी नदीची पातळी फुटांत मोजतात. 40 म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ. पण 50 म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात किती, हे पाणी आत आल्यावरच कळतं.

तेवढं आधी दाखवणारं अॅप आम्ही तिघं करत होतो. आयर्विनचा आकडा टाकायचा, फोन घरात फिरवायचा, की कॅमेऱ्यात दिसणारी खोली तेवढ्या पाण्यानं भरते. याआधी मी फर्निचरवाल्यांसाठी एआर करायचो, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या खोलीत खोट्या वस्तू बसवून दाखवायचो. तिथं सोफा दोन इंच अधांतरी दिसला तर गिऱ्हाईक हसतं, पुढं काही होत नाही. एका बैठकीत कुणीतरी ‘मिक्स्ड रिअॅलिटीचा हेडसेट वापरा की’ असंही सुचवलं होतं, म्हणजे हेच चित्र डोळ्यांसमोर दाखवणारा मोठा चष्मा. तसलं महागडं यंत्र डोक्यावर चढवून सांगलीत कोण पुराची तयारी करणार, देव जाणे. आम्ही साध्या अँड्रॉइड फोनवर ठाम राहिलो. त्यातही एआरकोर, म्हणजे अँड्रॉइडवर एआर चालवणारी गूगलची प्रणाली, चालत नाही असे फोन बरेच निघाले, ते वेगळंच.

खरी डोकेदुखी उंचीची. फोनचं जीपीएस आडवं काही मीटर चुकतं आणि उभं त्याहून जास्त. उपग्रहावरून केलेल्या उंचीच्या नकाशात तीस मीटरच्या एका चौकोनात रस्ता, जोतं आणि छप्पर यांची सरमिसळ. म्हणून इंजिनिअरिंगच्या दोन पोरांना हाताशी धरून ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकडे लिहिलेली उभी पट्टी) घेऊन आम्ही पुलापासून उंची गल्लोगल्ली नेली आणि दारांच्या चौकटींवर क्यूआर स्टिकर लावले. स्टिकर वाचला की फोनला आपली उंची कळते. पुढं तो कॅलेंडरचे कोपरे, फरशीच्या रेघा, भिंतीवरचे पोपडे धरून आपण कुठं सरकलो याचा हिशेब ठेवतो. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर मात्र हिशेब सुटतो आणि पाणी आपोआप वर सरकायला लागतं.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी पहिली चाचणी होती. पुलाच्या वरच्या अंगाची, म्हणजे नदी जिकडून येते तिकडची, एक गल्ली, पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, मालकीण सत्तरीच्या आजी. सगळ्या वस्तूंवर पिठाची पातळ साय, त्यामुळे कॅमेऱ्याला धरायला फारसं काही नव्हतंच. शेवटी दळणाचे डबे मांडले, तेव्हा पाणी स्थिर झालं.

आजींनी फोन हातात घेतला, बघितलं आणि म्हणाल्या, “हे कसलं रं पाणी? निळं?”

पाण्याला रंग-चकाकी देणारा कोड, म्हणजे शेडर, मी तयार मिळालेला तसाच ठेवला होता.

“आमच्यात आलतं ते चहासारखं हुतं. वर शेजारचा सिलिंडर तरंगत हुता.”

मग 2019 चा आकडा टाकला, 57 च्या वरचा. पाणी दाराच्या चौकटीच्या कपाळपट्टीपाशी थांबलं. आजींनी मान हलवली. “न्हाय. स्टूल आण.” चौकटीच्या वर भिंतीत एक गंजका खिळा होता. “पाणी उतरल्यावर पोरानं डागावर मारलाय. आणि खाली ती निळ्या ऑइलपेंटची रेघ, ती पाच सालची.” आमचं पाणी खिळ्याच्या वीतभर खाली होतं.

खरं सांगतो, खिळाच चुकलाय असं माझ्या मनात आलं. लोकांच्या आठवणीत पूर दरवर्षी इंचभर वाढतो, हे मी परस्पर ठरवून टाकलेलं. पण आमच्यातल्या एकानं टेप काढला आणि रेघ ते खिळा मोजलं. साडेतीन फुटांच्या जरासं वर. आयर्विनवरच्या 2005 आणि 2019 च्या आकड्यांतला फरकही तेवढाच. म्हणजे दोन्ही खुणा एकमेकींशी खऱ्या होत्या, आणि आम्ही दोघींशी सारखेच खोटे.

भर उन्हात पुलापर्यंत लेव्हल परत नेऊन आणली. चूक निघाली काही मिलिमीटरची. पोरं वैतागली, पण त्यांचं काम चोख होतं.

चूक माझ्या कोडात होती. पूर म्हणजे टाकीतलं पाणी नव्हे. नदी वाहती असते, तिच्या पाठीला उतार असतो. पुलाच्या वरच्या अंगाला पाणी चढं, खालच्या अंगाला उतरतं. त्यात नाल्यांतून गावात उलटं घुसणारं पाणी निराळंच. मी मात्र अख्खी सांगली एका परातीत धरली होती आणि एकच आकडा सगळीकडं सपाट ओतला होता.

दुपारनंतर अॅप बाजूला ठेवून आम्ही खुणा गोळा करत हिंडलो. कुणाच्या खांबावर तारीख कोरलेली, कुणाच्या देवघराच्या फळीखाली डागाची कड. एका घरात नुकताच रंग दिलेला. तिथल्या काकूंनी थोडा विचार करून आरशाच्या खालच्या कडेला बोट लावलं, “इथं. आरसा तेवढा वाचला म्हणून लक्षात आहे.” संध्याकाळपर्यंत अकरा खुणा झाल्या. दोन सोडून दिल्या, कारण तिथं बोटींच्या लाटांनी डाग वर चढलेला वाटत होता. उरलेल्या नऊंवरून पुलापासून वर-खाली पाण्याचा उतार बसवला. रात्री पाण्याचा रंगही बदलला.

दुसऱ्या दिवशी आजींकडे पुन्हा गेलो. आता पाणी खिळ्याला टेकलं. त्यांनी फार कौतुक केलं नाही. त्यांना एकच विचारायचं होतं: “मोटार किती फुटाला बुडती?” 2019 ला गिरणीची मोटार पाण्यात जाऊन जळली होती.

मी आकडा खाली-वर करत मोटारीच्या बुडाला पाणी टेकवलं. आदल्या दिवशीच्या हिशेबानं 51 फूट 6 इंच आलं असतं. आता आलं 50 फूट 9 इंच.

आजींनी देवळीतला खडू घेतला आणि मोटारीमागच्या भिंतीवर मोठा 50 काढला.

“आजी, 50 फूट 9 इंच आहे.”

“असू दे. बोल्ट गंजल्यात. खोलायला तेवढा येळ लागतोय.”