छातीवरची रिकामी पट्टी

सकाळी सव्वासातला फोन आला तेव्हा मी मुलाचा डबा भरत होते. पलीकडची बाई पंजाबीत रडत बोलत होती. त्यातलं ‘ले गए, दीदी’ एवढंच मला नीट कळलं.

मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ एका इमिग्रेशन वकिलांकडे पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस आहे. सेंट्रल व्हॅलीत पंजाबी ट्रकवाले पुष्कळ, आणि ऑफिसात हिंदी बोलणारी मी एकटी. त्यामुळे असे फोन माझ्याकडे येतात. ही गोष्ट ऑगस्ट 2025 ची. तिचा नवरा ट्रक चालवतो. आश्रयाचा अर्ज प्रलंबित, वर्क परमिट चालू, एकही तारीख चुकवलेली नाही. पहाटे ट्रकच्या यार्डात गाडीतून उतरला आणि चार-पाच जणांनी त्याला घेरून काळ्या एसयूव्हीत घातलं. मधुमेहाच्या गोळ्या डब्याच्या पिशवीत होत्या. ती पिशवी जमिनीवरच राहिली.

“कोण होते?” मी हिंदीत विचारलं.

“पता नहीं दीदी. मुँह ढके हुए थे.” मग जरा थांबून तिने विचारलं, “असली थे ना?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इमिग्रेशन अधिकारी असल्याची बतावणी करून लुटल्याचे, बायकांवर अत्याचार केल्याचे गुन्हे त्या वर्षी अमेरिकेत नोंदवले गेले होते. नवऱ्याला सरकारने नेलंय की कुणी पळवलंय, हे त्या बाईला कळायला काही मार्ग नव्हता.

यार्डातल्या एका पोराने लांबून 41 सेकंदांचा व्हिडिओ काढला होता. ऑफिसात पोचल्यावर तो मी किती वेळा पाहिला, मोजलं नाही. नाकापर्यंत ओढलेलं कापड, टोपी, गॉगल. बुलेटप्रूफ जाकिटावर पाठीमागे ‘पोलीस’ एवढाच शब्द. एकजण कॅमेऱ्याकडे वळतो तिथे मी व्हिडिओ थांबवला आणि चित्र मोठं केलं. छातीवर उजवीकडे वेल्क्रोची आडवी पट्टी होती, चार बोटं रुंद. नावाचा बिल्ला चिकटवायची जागा. ती कोरी होती. शिवणीतून सुटलेला एक दोराही दिसत होता, पण अक्षर एकही नाही.

लग्नाआधी मी साताऱ्याच्या कोर्टात सहा वर्षं वकिली केली. कुणाला पोलिसांनी उचललं की घरची माणसं धावत यायची, आणि आमचे सीनियर सगळ्यात आधी विचारायचे, “नेमप्लेट वाचली का?” डी. के. बसू खटल्याचा डिसेंबर 1996 चा निकाल त्यांना तोंडपाठ होता. सर्वोच्च न्यायालयाने अटकेसाठी घालून दिलेल्या अकरा नियमांतला पहिलाच हा, की अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. पुढे तो कायद्याच्या पुस्तकात गेला. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 36 मध्ये आहे. तिकडेही साध्या वेषात लोकांना उचललं जायचं, अशा तक्रारी आम्ही चालवल्या आहेत. पण न्यायाधीशांसमोर ठेवायला तो निकाल तरी हातात असायचा.

इथे त्या दिवशी हातात काय होतं? अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमावलीत आहे, की शक्य आणि सुरक्षित होईल तितक्या लवकर अधिकाऱ्याने आपण इमिग्रेशन अधिकारी असल्याचं सांगावं आणि अटकेचं कारण द्यावं. सांगावं, एवढंच, छातीवर नाव किंवा नंबर लावण्याचं बंधन त्यात नाही. इथल्या 2020 च्या आंदोलनांत बिननावाचे केंद्रीय जवान रस्त्यावर उतरले, त्यानंतर अमेरिकी संसदेने ओळख दिसण्याची सक्ती केली. पण ती दंगल-निदर्शनांच्या बंदोबस्तापुरती. ट्रकच्या यार्डात ती लागू नाही.

दिवसभर शोधत होतो. ताब्यातल्या लोकांच्या सरकारी ऑनलाइन यादीत त्याचा ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला नंबर) आणि जन्मदेश टाकला, काहीच आलं नाही. सीमाशुल्क आणि सीमा संरक्षण खात्याच्या ताब्यातला माणूस त्या यादीत 48 तासांनंतरच दिसतो. शेरीफच्या, म्हणजे इथल्या स्थानिक पोलिसप्रमुखाच्या ऑफिसने कानावर हात ठेवले. एका ठिकाणी फोन उचलला, तर जी-28 फॉर्म, म्हणजे वकीलपत्र असल्याशिवाय बोलणार नाही म्हणाले. फॉर्म सह्या होऊन तयार होता. पण नेणारे कुठल्या खात्याचे हेच माहीत नाही, तर पाठवायचा कुणाला? गोळ्यांचं सांगायचं कुणाला?

आमच्या वकीलबाईंना वेगळीच काळजी होती. हेबियस कॉर्पसची, म्हणजे बेकायदा डांबलेल्या माणसाला सोडवण्यासाठीची याचिका माणूस जिथे डांबलाय तिथल्याच कोर्टात करावी लागते. मार्चमध्ये टफ्ट्स विद्यापीठाच्या तुर्की विद्यार्थिनीला तोंड झाकलेल्या लोकांनी रस्त्यावरून नेलं. तिच्या वकिलाने मॅसॅच्युसेट्समध्ये याचिका दाखल केली तोवर तिला राज्याबाहेर काढलेलं होतं.

अधिकाऱ्यांची बाजू मला कळते. नाव दिसलं की लोक घर शोधून काढतात, बायकामुलांना धमक्या येतात. माझे मामा हवालदार होते, त्यांच्या घरीही रात्री-अपरात्री दगड पडलेले आहेत. तरी रोज सकाळी ते ब्रासोने नेमप्लेट घासायचे. आणि नावाची भीती असेल तर नंबर लावा. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर 2025 मध्ये केलेल्या कायद्याने तेच मागितलं: खात्याचं नाव, आणि व्यक्तीचं नाव किंवा बिल्ला क्रमांक यांतलं एक. छुप्या कामगिरीवरच्यांना सूटही दिली. नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकार त्याविरुद्ध कोर्टात गेलं. नुसत्या नंबराने कुणाचं घर सापडत नाही. पण माणूस कुणाच्या ताब्यात आहे ते सापडतं. मला एवढंच हवं होतं त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला त्याचाच फोन आला, तीन तासांवरच्या डिटेन्शन सेंटरमधून. तीसहून जास्त तास गोळी नाही, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. वकीलबाईंनी लगेच तिथल्या दवाखान्याशी बोलणं सुरू केलं.

संध्याकाळी बायको तक्रारीच्या फॉर्मवर सही करायला आली. दुसऱ्या पानावर रकाना होता: अधिकाऱ्याचे नाव किंवा बिल्ला क्रमांक. तिने पेन उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्म माझ्याकडे घेतला आणि व्हिडिओत दिसलं तेवढं लिहिलं: गडद हिरवं जाकीट, छातीवर उजवीकडे नावाची पट्टी, पट्टीवर काही नाही.