ट्राइक मॉडेल, नोंद १७ : तिसरी कोलांटी आणि नाकाचा कोन

दादांचं ट्राइक (कापडी पंखाखाली इंजिन आणि माणूस लटकवलेलं हलकं विमान) कसं पडलं, ते मॉडेल उडवून शोधतोय. रविवारी साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या कड्यावर तिसरा पंख मोडला. कील, म्हणजे पंखाची मधली नळी, मधोमध तुटली, डावी लीडिंग एज (पुढच्या कडेची नळी) टोकापासून वीतभर आत. पहिल्या दोन वेळांसारखीच पुढच्या बाजूला कोलांटी, तीन-साडेतीन फेऱ्या, मग खालच्या करवंदीच्या जाळीत. पण या वेळी लॉगर, म्हणजे उड्डाणाचे आकडे टिपणारं यंत्र, धड मिळाला. रात्री अडीचपर्यंत तोच आलेख उघडून बसलो होतो.

नोंद १५ आणि १६ मध्ये मी सगळा दोष लफ लाइनवर ढकलला होता. किंगपोस्टवरून, म्हणजे पंखावरच्या उभ्या खांबावरून, मागच्या कडेला येणाऱ्या या दोऱ्या साध्या उड्डाणात सैल असतात. पंखाचा कोन फार कमी झाला की त्या ताणतात, मागची कड वर धरतात आणि नाक परत वर येतं. ट्राइकला शेपूट नाही, त्यामुळे या दोऱ्यांवर बरंच काही अवलंबून असतं. माझ्या २.४ मीटरच्या पंखावर त्या मला सैल वाटल्या, म्हणून आधी १२ मिलिमीटर आणि मग आणखी ८ मिलिमीटर आवळल्या. राजवाड्याजवळच्या टेलरकाकांनी रिपस्टॉपवर (पंखाच्या कापडावर) टाकलेली झिगझॅग शिलाई तीनही वेळा जशीच्या तशी राहिली, हे इथे लिहिलंच पाहिजे. एवढा सरळ सीम मला मशीनवर कधी जमला नसता. कार्बन ट्यूब मात्र ऑनलाइन मागवू नका. दोनदा आतून चिरलेल्या आल्या, नखाने टिचकी मारली की बद्द आवाज. आता पुण्याला जाऊन हातात घेऊनच आणतो.

तर लफ लाइन आवळून तिसरी फेरी. दुपारचे चार, पश्चिमेचा वारा पठारावरून येऊन साताऱ्याच्या बाजूला खाली कोसळणारा. म्हणजे मी मुद्दाम आडोशाच्या बाजूला, रोटरमध्येच (कड्यामागे गोल फिरणाऱ्या हवेत) मॉडेल नेलं. ते कड्याच्या खाली दबायला लागलं, मी थ्रॉटल पूर्ण दिला, नाक वर करायला बार (पंखाचा दांडा) पुढे ढकलला, आणि कोलांटी.

आता आलेख. कोलांटीच्या आधीचे सव्वादोन सेकंद बघा. वेग ३९ वरून १४ किलोमीटर. नाक ६२ अंश वर! मग थ्रॉटल शून्य, आणि त्यानंतर नाक खाली पडायला सुरुवात. लफ लाइनचा संबंध फार पुढे येतो. तोपर्यंत पंखावरचं वजनच उतरलेलं असतं, आणि ट्राइकमध्ये वजन लटकत नसेल तर बार हलवून काहीच होत नाही. याला व्हिप स्टॉल म्हणतात हे आपल्यापैकी सगळ्यांना माहीत आहे. ब्रिटनमध्ये ग्रॅटन आणि न्यूमन यांनी २००३ साली या कोलांटीवर शोधनिबंध लिहिला, त्यात व्हिप स्टॉल हा तिच्यात शिरण्याचा एक रस्ता सांगितलाय. मी तो वाचलाही होता. तरी महिनाभर दोऱ्याच आवळत बसलो, कारण माझ्या डोक्यात वारा गुन्हेगार ठरलेला होता. वाऱ्याने मॉडेल फक्त खाली दाबलं. नाक माझ्या हाताने वर गेलं, आणि थ्रॉटलही मीच तोडला.

इथे दादांच्या अपघाताबद्दल लिहावं लागतंय. तपशील जुन्या नोंदींमध्ये आहे. त्यांचं ट्राइक पडताना पाहणारे मेंढपाळ मामा सांगत होते की विमानाचं तोंड आभाळाकडे होतं. आपण कुणीच ते मनावर घेतलं नाही. तोंड वर म्हणजे चढत असणार, मग पडेल कसं, असंच मी तेव्हा म्हणालो होतो. मामांनी बरोबर पाहिलं होतं.

आणि दादांसारखा माणूस असं का करेल, याचं उत्तर मला कड्यावर उभं राहूनच मिळालं. धारेच्या खाली गेल्यावर क्षितिज दिसत नाही, समोर फक्त डोंगर. त्या उताराच्या मानाने नाक सरळच वाटतं. त्यात उन्हाळी हवा. अकराशे मीटर आणि ३३ अंशाला घनता १.०१ च्या आसपास येते, समुद्रसपाटीला प्रमाण १.२२५. इंजिन आणि पंख दोन्ही कमी पडतात, ट्राइक चढत नाही, आणि हात बार आणखी पुढे ढकलतो.

चौथ्या पंखाचा बेत असा होता की आडोशाच्या उतारावर बांबूंना रिबिनी बांधून रोटर कुठून सुरू होतो ते टिपायचं. रिबिनी आणल्याही. पण हे लिहितानाच वाटतंय की आधी वाऱ्याशिवाय करून बघू. वर्ये गावाकडच्या मोकळ्या रानात, सकाळी सहाला, शंभर मीटरवर, तेच नाक आणि तोच थ्रॉटल. तिथेही उलटलं तर रोटर लागतच नाही. रिबिनी नंतर. ट्रान्समीटरवर वेग २५ च्या खाली गेला की बोलणारा इशाराही लावतोय. आधी तो नाकाच्या कोनावर ठेवणार होतो, पण वेगच बरा. आणि धार ओलांडायची ती ४५ अंशात, म्हणजे दबायला लागलं की थोडक्यात दरीकडे वळता येतं. आजवर मी काटकोनातच जात होतो.

टेलरकाका बुधवारी पंख देणार आहेत. त्याआधी मामांना फोन करायचाय. तोंड वर असताना इंजिनाचा आवाज चालू होता की बंद झाला होता, एवढंच विचारायचंय.