एन. डी. पाटील यांचा मृत्युलेख लिहिताना

17 जानेवारी 2022 रोजी प्रा. एन. डी. पाटील यांचे कोल्हापुरात निधन झाल्याची बातमी आमच्या नाशिकच्या संपादकीय विभागात आली, तेव्हा माणूस सांगली-कोल्हापूरकडचा असल्याने दोन कॉलम पुरेत, असे बहुतेकांचे मत पडले. मृत्युलेख माझ्याकडे सोपवण्यात आला. हाती आलेल्या मजकुरात सहकारमंत्रिपद सर्वांत वर होते. ते ज्यात सहकारमंत्री होते ते पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार जुलै 1978 ते फेब्रुवारी 1980 असे जेमतेम 19 महिने टिकले, तर एन. डीं.चे सार्वजनिक आयुष्य सुमारे सात दशकांचे होते. म्हणून हा क्रम मला पटेना.

अर्थशास्त्रात एम. ए. केलेले एन. डी. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात प्राध्यापक होते. पुढे शेतकरी कामगार पक्षाच्या कामाला त्यांनी वाहून घेतले, आमदारकी आणि मंत्रिपदही पाहिले. पण आधी कागद वाचायचा, आकडे तपासायचे, ते लोकांना समजतील अशा भाषेत मांडायचे आणि मगच रस्त्यावर उतरायचे, ही वर्गातली शिस्त त्यांच्या राजकारणाचा कणा होती, असे माझे ठाम मत आहे. रायगडच्या सेझविरोधात, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राविरोधात, शेतकरी उभे राहिले, तेव्हा 2008 मध्ये सरकारला तिथे गावोगाव जनमत घ्यावे लागले. त्या लढ्याच्या अग्रभागी एन. डी. होते. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनाचे नेतृत्व त्यांनी वयाची ऐंशी ओलांडल्यावर केले. नुसता ‘टोल नको’ एवढाच तो आग्रह नव्हता. झालेल्या रस्त्यांचा दर्जा काय आणि त्यांची खरी किंमत किती, हा हिशेब मागितला गेला आणि अखेर टोल रद्द झाला.

राहिला प्रश्न नाशिकचा. शेतीपंपांच्या वीजबिलांवर त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात केलेले काम निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला परके कसे वाटेल? पंपाचे बिल कोल्हापुरात जसे येते, तसेच इथेही येते. हेच मी वरिष्ठांपुढे मांडले, आणि त्यांनी फारशी खळखळ न करता जागा वाढवून दिली.

मंत्रिपद शेवटच्या परिच्छेदात गेले. टोल आणि वीजबिल वर आले. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावरील त्यांच्या कामाचा मजकूर मात्र पान सुटण्याआधी जागेअभावी कापावा लागला. तो दुसऱ्या दिवशीच्या अंकासाठी मी वेगळा लिहून ठेवला आणि मगच कार्यालय सोडले.