गंजलेला फोर बाय फोर पिकअप उभा करताना: पाणी कुठे थांबतं ते आधी शोधा

हौद्याला भोकं, दाराखालचा पत्रा कुरतडलेला, बोल्टांचे गोळे झालेले. असा जुना फोर बाय फोर पिकअप समोर उभा राहिला की हात ग्राइंडरकडे जातो. तो आवरावा. पहिले दोन दिवस फक्त धुवायचं, खरवडायचं आणि खाली आडवं होऊन बघायचं. चासीच्या बाहेरून आणि आतून चिखल निघेपर्यंत पाणी मारा, गाडी पूर्ण वाळू द्या, मग हातोडी आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली जा. गाडी जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. सपाट, टणक जमिनीवर घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावायच्या आणि खाली शिरण्याआधी गाडीला जोरात धक्का देऊन बघायचा.

वरून दिसणारा गंज बहुतेक वेळा किरकोळ असतो. घात करतो तो आतून बाहेर येणारा. चासीच्या बंद पेटीत चिखल शिरतो, निचऱ्याची भोकं बुजतात, आणि आत महिनोन्महिने ओल राहते. बाहेरचा काळा रंग शाबूत दिसत असतानाच आतलं लोखंड पातळ होत जातं. हातोडीनं हलकेच ठोकत गेलं की फरक कानाला कळतो: चांगलं लोखंड ठणठणतं, सडलेलं भद्द वाजतं. भद्द वाजलं तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचायचा. आत गेला तर खडूनं गोल करायचा.

काही जागा हमखास बघाव्यात. मागच्या अॅक्सलवरून चासी कमानीसारखी वर उचललेली असते तो भाग, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, केबिनचे माउंट, हौद्याच्या आडव्या पट्ट्या आणि स्टिअरिंग बॉक्स चासीला बसतो ती जागा. स्टिअरिंग बॉक्सपाशी गंजाखेरीज बारीक तडेही शोधावे लागतात. मोठे टायर लावून चालवलेल्या गाडीत तर नक्कीच. जिथे दोन पत्रे एकमेकांवर रिव्हेट केलेले असतात, तिथे फट फुगलेली दिसेल. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि दोन्ही पत्रे आतून रेटत वेगळे करतो. अशी फुगलेली फट वरून साफ करून रंगवण्यात अर्थ नसतो. रिव्हेट काढून ती उघडावीच लागते.

या टप्प्यावर एक निर्णय घ्यायचा असतो. केबिन आणि हौद्याचा पत्रा कितीही गेला असला तरी तो बदलता येतो. चासी मात्र दोन्ही बाजूंनी, हँगर आणि स्टिअरिंग बॉक्स अशा दोन्ही ठिकाणी सडली असेल, तर ठिगळं लावत बसण्यापेक्षा चांगली चासी शोधणं शहाणपणाचं. पण गाडीची ओळख चासीवर कोरलेल्या नंबरात असते, म्हणून नोंदणीचे नियम आधी बघायचे आणि मगच जुन्या चासीला कापायचं.

काम सावकाश, सुट्टीच्या दिवसांत होणार असेल तर ब्रेक, सस्पेन्शन, इंधन, वायरिंग अशी यादी करू नका. जागेनुसार करा. हौदा सहा-आठ बोल्टांवर असतो. तो एकदा उतरवला की मागची चासी, इंधनाची टाकी, मागचे ब्रेक पाइप, पाट्यांचे हँगर, मागचा शाफ्ट, सगळं उघडं पडतं. ते सगळं तेव्हाच संपवायचं, रंगासकट. मग पुढचा अॅक्सल, मग केबिनचा तळ. व्यवस्थेनुसार काम केलं तर हौदा चार वेळा उतरतो आणि नव्या रंगावर जुन्या कामाच्या ठिणग्या उडतात. संपूर्ण गाडी एकदम सोडवून ठेवलेली कामं अर्ध्यावर राहतात ती याचमुळे. गाडी चाकांवर ढकलता येत राहिली पाहिजे. सोडवलेला प्रत्येक बोल्ट शक्य तिथे परत त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवावा. बाकीचे पिशवीत, पिशवीवर नाव, आणि सोडवण्याआधी फोटो.

बोल्टांशी घाई केली की ते तुटतात. काम सुरू करायच्या तीन-चार दिवस आधीपासून रोज एकदा पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारं तेल) सोडा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं घेऊन घरीही ते करता येतं. दोन्ही नीट मिसळत नाहीत, म्हणून दर वेळी हलवून घ्यायचं. अॅसिटोन पटकन पेट घेतं आणि रंग खातं, हेही ध्यानात असू द्या. सोडवण्याआधी आटे आधी वायर ब्रशनं साफ करा. बोल्ट पहिल्यांदा किंचित आवळा, चरचर आवाज आला की पाव फेरा सोडा, त्याच्या निम्मा परत आवळा, तेल टाका, पुन्हा. गंजाचा भुगा असाच बाहेर पडतो. तरी हलत नसेल तर नट लाल होईपर्यंत तापवा. तापवायचा नट, बोल्ट नाही, म्हणजे फुगून तो सुटतो. जवळ इंधनाची नळी, टाकी किंवा ब्रेक पाइप असेल तर ज्योत पेटवूच नका.

स्टड मोडलाच तर त्याच्या टोकावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्ड करा आणि जरा थंड झाल्यावर पान्यानं फिरवा. वेल्डच्या उष्णतेनं आट्यांतली पकड सुटलेली असते. पाट्याच्या बुशमधला (टोकाच्या रबरी खोळीतला) बोल्ट मात्र वेगळा त्रास देतो. तो बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून एकजीव झालेला असतो. फिरवला की नळीसकट रबर पिळवटतं आणि सोडलं की परत येतं. तिथे ताकद घालवू नका. हँगर आणि पाट्याच्या मधल्या फटीत दोन्ही बाजूंनी कापायचा. नवे बोल्ट आणि बुश आधी आणून ठेवले असतील तर ते दहा मिनिटांचं काम आहे.

ब्रॅकेट, झाकणं, क्लॅम्प असे सुटे भाग साफ करायला इलेक्ट्रोलिसिससारखी सोपी पद्धत नाही. प्लास्टिकच्या बादलीत १० लिटर पाणी, त्यात साधारण ५० ग्रॅम धुण्याचा सोडा. १२ व्होल्टच्या साध्या बॅटरी चार्जरची ऋण वायर गंजलेल्या भागाला आणि धन वायर जुन्या लोखंडी पट्टीला. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. वायर उलट लावली तर आपलाच भाग विरघळतो. पट्टी स्टेनलेसची कधीही घेऊ नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून बादली उघड्यावर ठेवायची आणि चार्जर बंद केल्यावरच वायर काढायच्या. एका रात्रीत गंजाचा काळा चिखल होतो, तो ब्रशनं निघतो. अॅल्युमिनिअमचे भाग यात घालायचे नाहीत. पाटे आणि जास्त ताकदीचे बोल्टही नाही, कारण कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं. भाग बाहेर काढला की धुऊन, वाळवून त्याच दिवशी प्रायमर मारा, नाहीतर तासाभरात नवा तांबूस थर दिसू लागतो.

आता वेल्डिंग. बॅटरीच्या दोन्ही वायर काढा, अल्टरनेटरचीही. वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प ज्या जागी वेल्ड करायचंय तिच्या अगदी जवळ, साफ लोखंडावर लावा. तो दूरच्या चाकापाशी लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्याच्या गोळ्यांवर डाग पाडतो. चासीवर पॅच बसवण्याआधी सडका भाग चकचकीत, पूर्ण जाडीच्या लोखंडापर्यंत कापून टाका. कागदासारख्या पातळ कडेवर वेल्ड टिकत नाही, भोक मोठंच होत जातं. पॅचची जाडी मूळ रेलइतकीच (रेल म्हणजे चासीची लांब तुळई), बहुधा ३ ते ४ मिमी. त्याहून जाड पट्टी लावली की ताण पट्टी संपते त्या रेषेवर गोळा होतो आणि तडा तिथे जातो. त्याच कारणानं पॅचची टोकं सरळ उभी कापू नका. तिरकी किंवा माशाच्या तोंडासारखी कापा. रेलच्या वरच्या आणि खालच्या कडेवर आडवा वेल्ड टाळा, कारण चासी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण याच दोन कडांवर येतो.

केबिनचा पत्रा जेमतेम ०.८ ते १ मिमी असतो. मिग वेल्डिंगची ०.६ मिमी तार वापरा, आणि सलग रेष ओढायच्या भानगडीत पडू नका. २५ ते ३० मिमी अंतरावर टाके, एक इकडे, दुसरा समोरच्या कडेला, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. मग टाक्यांच्या मधे टाके. कंटाळवाणं आहे, पण सलग वेल्डनं पत्रा लाटांसारखा होतो आणि तो पुट्टीनं लपत नाही. दाराखालची सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी-तिरकी पट्टी वेल्ड करून घ्या आणि कर्णांची मापं लिहून ठेवा. चासीसाठी ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं खुणा करा, दोन्ही कर्ण मोजा. ओळंबा आणि खडू यांना पर्याय शोधायची गरज नाही.

तीन गोष्टी जिवाशी खेळणाऱ्या आहेत. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करताना निघणाऱ्या धुरानं ताप भरतो. मुलामा आधी घासून काढा आणि मोकळ्या हवेत काम करा. ब्रेक क्लीनरनं पुसलेल्या भागावर वेल्ड करू नका. क्लोरीनयुक्त क्लीनर तापला की त्यातून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो. आणि रिकामी इंधनाची टाकी भरलेलीपेक्षा धोकादायक, कारण आत वाफ असते; तिच्या आसपास ठिणगी नको.

नवं लोखंड झाकायचा क्रम असा: साफ धातूवर इपॉक्सी प्रायमर, त्यावर सांध्यांना सीम सीलर, मग रंग. जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढणार तिथे वेल्ड करण्याआधीच जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर. फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर पातळ, चिकटलेल्या गंजावर काम करतं, सुटणाऱ्या पापुद्र्यांवर नाही. आणि जास्तीचं आम्ल धुऊन काढलं नाही तर त्यावरचा रंग उचलला जातो. जाड रबरी अंडरकोट गंजावर फासणं हा सर्वांत वाईट उपाय. तो कडेनं सुटतो, मागे पाणी धरून ठेवतो, आणि वरून सगळं काळंभोर छान दिसत राहतं.

पाण्याचा हाच माग आता यंत्रात काढायचा. अॅक्सलचं तेल बदलताना भरायचा प्लग आधी सोडा, निचऱ्याचा नंतर. उलट केलं आणि भरायचा प्लग निघालाच नाही, तर तेल नसलेला अॅक्सल हातात राहतो. तेल दुधाळ आलं तर आत पाणी आहे, आणि ते बहुधा बुजलेल्या ब्रीदरमुळे (अॅक्सलला हवा घेऊ-सोडू देणाऱ्या भोकामुळे) आलं आहे. तापलेला अॅक्सल ओढ्यात शिरतो, आतली हवा आकसते, ब्रीदर बंद असल्यामुळे ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. नुसते सील बदलून उपयोग नाही. ब्रीदरला नळी लावून ती बॉनेटच्या उंचीपर्यंत न्या. अॅक्सलमध्ये जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल चालतं. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असतील तर उत्पादकानं सांगितलेलं, बहुधा जीएल-४च घाला. जीएल-५ मधली गंधकयुक्त रसायनं पिवळ्या धातूला मानवतीलच असं नाही.

जुन्या हायलक्स, लँड क्रूझर आणि सुझुकीच्या गाड्यांत पुढच्या सॉलिड अॅक्सलच्या टोकाला बंद गोल नकल (चाक वळवणारा सांधा) असतं. त्यातून तपकिरी, पातळ रबडी गळत असेल तर आतला सील गेला आहे आणि डिफ्रन्शियलचं (चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरचं) तेल जॉइंटच्या ग्रीसमध्ये मिसळतंय. बाहेरचा वायपर सील बदलून गळती काही दिवस थांबेल, दुखणं तसंच राहील. नकल पूर्ण उघडा, किंगपिनची (नकल ज्यावर वळतं त्या खिळीची) बेअरिंगं त्याच वेळी बदला, शिम (पातळ चकत्या) ज्या बाजूचे त्याच बाजूला परत घाला.

प्रोपेलर शाफ्ट (अॅक्सलपर्यंत ताकद नेणारी दांडी) काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर छिन्नीनं खूण करा. जॉइंटच्या टोपीभोवती लालसर भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडल्यात, क्रॉस बदला. पार्ट-टाइम (गरजेपुरतं लीव्हरनं लावायचं) फोर बाय फोर तपासताना गाडी मातीवर किंवा खडीवर न्या. कोरड्या डांबरावर वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मध्ये डिफ्रन्शियल नसतं, आणि सगळा पीळ शाफ्टवर आणि पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो. मग लीव्हर अडकतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे ब्रेक पाइप आतूनही सडतात. मागच्या बाजूचे सगळे एकदमच बदला, हौदा उतरलेला असताना. तांबे-निकेलचा ४.७५ मिमी पाइप हातानं वळतो आणि गंजत नाही. टोकं मूळ पाइपसारखीच, बहुधा डबल फ्लेअर (दुहेरी दुमडून पसरवलेली). कॉम्प्रेशन जोड ब्रेकवर वापरू नका. मागच्या अॅक्सलला दांडीनं जोडलेला लोड व्हॉल्व्ह (वजनानुसार मागच्या ब्रेकचा दाब बदलणारा) जाम झालेला असतो, आणि मागचे ब्रेक का लागत नाहीत हे शोधण्यात दिवस जातात. आधी तोच बघा.

पाटे सुटे करून प्रत्येक पान वायर ब्रशनं साफ करा. पान मोडलं नसेल तर पाटे परत वापरता येतात, त्यांना अॅक्सलशी बांधणारे यू-बोल्ट कधीच नाही. ते आवळताना ताणले गेलेले असतात. बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

वायरिंगमध्ये नवीन काही लावण्याआधी अर्थिंग साफ करा. इंजिन फिरवताना बॅटरीचा ऋण खांब आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मीटर ०.२ व्होल्टच्या फार वर दाखवत असेल तर अर्थिंगची पट्टी किंवा तिच्या खालचा गंज हेच कारण.

सगळं रंगवून झालं, की शेवटचं काम पोकळ भागांत मेण भरायचं. रेल, सिल, दारांचा तळ, केबिनचे कोपरे. लांब नळी आणि चहूबाजूंनी फवारणारं टोक हवं. नळी टोकापर्यंत घालायची आणि फवारत हळू मागे ओढायची, निचऱ्याच्या भोकांतून मेण ठिबकेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तीच भोकं तारेनं मोकळी करा. १०० किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळा. चिखलातून गाडी आली की रेलच्या टोकातून पाइप आत घालून पाणी सोडा आणि सगळ्या भोकांतून स्वच्छ पाणी येतंय का ते खाली वाकून बघा.