ईस्टर 2022 : ऑरलँडो, एकदाचं

हे मे 2022 च्या मध्यात लिहिलं, आणि यातले नियम, फी आणि दर त्या वेळचेच आहेत. उन्हाळी सुट्टीत डिस्ने वर्ल्डला जाऊ पाहणाऱ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सगळं एकत्र लिहून काढलं. राइड्सची वर्णनं कुठेही मिळतील. इथे कागदपत्रं आणि पैशांचंच पुराण जास्त आहे, कारण तेव्हा ट्रिप तिथेच जमायची किंवा मोडायची.

आम्ही रेडिंगला राहतो. मुलांचे पासपोर्ट ब्रिटिश, आम्हा दोघांचे भारतीय, आणि पुण्याहून सासू-सासरे येणार. ही ट्रिप मुळात 2020 च्या ईस्टरची. 16 मार्च 2020 ला पार्क बंद झाले आणि त्याच दिवशी अमेरिकेने ब्रिटनमधून येणाऱ्यांनाही दार लावलं. पार्क जुलैत उघडले, पण दार उघडायला 8 नोव्हेंबर 2021 उजाडला. मधल्या काळात नुसतं तळ्यात-मळ्यात. पार्क चालू, विमानं चालू, फक्त आपल्याला प्रवेश नाही. आणि पैसे अडकतात ते नेमके याच अवस्थेत.

कारण साधं आहे. विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर ब्रिटनच्या कायद्याने सात दिवसांत रोख परतावा मिळायला हवा. पण विमान उडणार असेल आणि तुम्हालाच जाता येत नसेल, तर कंपनी फार तर व्हाउचर देते किंवा तारीख बदलून देते. आम्ही ज्या कंपनीकडे तिकिटं काढली होती तिने उड्डाण रद्द करूनही आधी व्हाउचरच पुढे केलं. फोनवर ‘रिफंडच हवा’ हे एकच वाक्य ठरवून म्हणत राहिल्यावर पैसे आले, पण उन्हाळा संपता संपता. व्हाउचर एकदा स्वीकारलं की मग रिफंड मागणं अवघड होतं, तेव्हा घाईने त्या बटणावर बोट ठेवू नका.

यावेळी विमान आणि हॉटेल एकत्र, पॅकेज म्हणून घेतलं. थोडं महाग पडलं. पण पॅकेज कंपनीने रद्द केलं तर सगळे पैसे 14 दिवसांत परत करणं तिच्यावर बंधनकारक असतं, आणि एटॉल या ब्रिटिश योजनेचं संरक्षण असल्याने कंपनीच बुडाली तरी आपण बुडत नाही. पैसे क्रेडिट कार्डाने भरा. 100 पौंडांच्या वरच्या आणि 30,000 पौंडांपर्यंतच्या खरेदीला ब्रिटिश कायद्याचा सेक्शन 75 लागू होतो, म्हणजे विकणाऱ्याने हात वर केले तर बँकेकडे दाद मागता येते.

बाकी माझा एकच नियम होता आणि तो शेवटपर्यंत पाळला. बातम्या बघून निर्णय घ्यायचा नाही, पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख बघून घ्यायचा. फ्रिजवर एक कागद लावला. त्यावर प्रत्येक बुकिंगसमोर दोन तारखा: उरलेली रक्कम भरायची आणि फुकटात रद्द करता येण्याची. डिसेंबरात ओमिक्रॉन आला आणि अमेरिकेने टेस्टची मुदत तीन दिवसांवरून एक दिवसावर आणली, तेव्हा नवरा रोज रात्री ‘रद्द करू या का?’ म्हणायचा. मी कागदाकडे बोट दाखवायचे. आमची तारीख फेब्रुवारीत होती. तोवर ब्रिटनने 11 फेब्रुवारीपासून लसीकरण झालेल्यांच्या परतीच्या टेस्ट काढून टाकल्या होत्या. पुढे 18 मार्चला लोकेटर फॉर्मही (प्रवाशाने आपला ठावठिकाणा कळवायचा अर्ज) गेला. डिसेंबरात रद्द केलं असतं तर विनाकारण केलं असतं.

आता कागदपत्रं. मुलांना एस्टा (व्हिसाऐवजीची ऑनलाइन परवानगी) पुरतो. त्याची फी तेव्हा 14 डॉलर होती, 26 मे 2022 पासून 21 होणार होती. आमच्याकडे आणि सासू-सासऱ्यांकडे पूर्वीचे दहा वर्षांचे व्हिसा होते. नसते तर 2022 मध्ये जमलं नसतं, कारण मुलाखतीच्या तारखा फार लांबच्या मिळत होत्या. भारतीय पासपोर्टवाल्यांनी पहिल्यांदा हे बघावं, मग हॉटेलं. लशीचं म्हणाल तर कोविशील्ड चालायची, कोव्हॅक्सिनही चालायची. फक्त कोविनवरून परदेश प्रवासाचं, पूर्ण जन्मतारीख असलेलं प्रमाणपत्र उतरवून घ्यावं लागायचं. साध्या प्रमाणपत्रावर नुसतं वय असायचं. 18 वर्षांखालच्या मुलांना लशीची अट नव्हती, पण लस न झालेल्यांची तिथे पोचल्यावर तीन ते पाच दिवसांत टेस्ट करू, असं पालकांनी लिहून द्यावं लागायचं. दोन वर्षांवरच्या सगळ्यांना निघण्यापूर्वीची टेस्ट होतीच.

ही टेस्ट म्हणजे या ट्रिपचा खरा उंबरठा. ‘एक दिवस आधी’ याचा अर्थ 24 तास नव्हे, आदला कॅलेंडर दिवस. शुक्रवारी संध्याकाळचं विमान असेल तर गुरुवारी सकाळी सातची टेस्टही चालायची. एनएचएसच्या (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) मोफत किटचा निकाल प्रवासाला कधीच चालत नव्हता, आणि इंग्लंडमध्ये ती किटं 1 एप्रिलपासून बहुतेकांसाठी बंदच झाली. आम्ही व्हिडिओवर देखरेख असलेली अँटिजेन टेस्ट घेतली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, समोर पासपोर्ट, एकेक जण खुर्चीत बसतोय, पलीकडची मुलगी ‘नाकात अजून थोडं आत’ सांगतेय. सासूबाईंना शिंकांवर शिंका. पंधरा मिनिटं पट्टीवर दुसरी रेघ उमटते का बघत सगळे गप्प. प्रमाणपत्रावर नाव, जन्मतारीख किंवा पासपोर्ट क्रमांक, टेस्टचा प्रकार, करणाऱ्या संस्थेचं नाव आणि नमुना घेतल्याची तारीख एवढं असायलाच लागायचं. चेक-इनच्या बाईंनी नमुन्याच्या तारखेवर पेन टेकवून ती मोठ्याने वाचली, बाकी कशाकडे फारसं बघितलं नाही.

भारतातून थेट निघणाऱ्यांसाठी एक बारकावा होता. मुंबईहून मध्ये कुठे विमान बदलून जात असाल तर टेस्टचा दिवस पहिल्या विमानापासून धरायचे. मात्र सगळा प्रवास एकाच पीएनआरवर हवा असायचा आणि मधला थांबा 24 तासांहून जास्त चालायचा नाही. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली तर ही सवलत जायची. आमचे सासू-सासरे आधी आमच्याकडे मुक्कामाला आले, म्हणून त्यांची टेस्ट इथेच झाली.

गेल्या 90 दिवसांत कोविड होऊन गेलेल्यांना टेस्टऐवजी पॉझिटिव्ह निकाल आणि डॉक्टरांचं बरं झाल्याचं पत्र चालायचं. थोरल्याला जानेवारीच्या शेवटी झाला होता, त्याचं असंच केलं. घरच्या पट्टीवर दोन रेघा आल्या तर लगेच तारखेसह अधिकृत निकालही मिळवून ठेवावा लागायचा. पुढे उपयोगी पडायचा.

विमा घेताना तीन प्रश्न विचारा. निघण्याआधी पॉझिटिव्ह आलो तर? तिथे पॉझिटिव्ह आलो तर जास्तीच्या हॉटेलचं आणि नव्या तिकिटाचं काय? सरकारने सीमाच बंद केली तर? तिसऱ्याला बहुतेक ठिकाणी नकार मिळतो, पहिल्या दोघांना होकार नसेल तर ती पॉलिसी घेऊ नका. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्ला तेव्हा पॉझिटिव्ह आल्यापासून दहा दिवस प्रवास टाळा असा होता. त्या हिशेबाने सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या जास्तीच्या नेल्या आणि दोघांनीही ऑफिसात आधीच सांगून ठेवलं.

पार्कचं आता भराभर सांगते. 2022 मध्ये तिकीट असून भागत नव्हतं, प्रत्येक दिवसासाठी पार्क पासचं आरक्षण लागायचं, आणि दुपारी दोनपर्यंत दुसऱ्या पार्कात जाता येत नव्हतं. सुट्टीच्या दिवसांत हॉलिवूड स्टुडिओज आणि मॅजिक किंगडम हे पार्क आधी भरायचे, त्यामुळे तिकीट हातात आलं की त्याच दिवशी आरक्षण करावं लागायचं. लांब रांग टाळायचा जुना फुकटचा फास्टपास गेला होता. त्याच्या जागी तेव्हा जिनी प्लस होती, माणशी रोज 15 डॉलर आणि वर टॅक्स, आणि राइझ ऑफ द रेझिस्टन्ससारख्या मोठ्या राइडचे वेगळे पैसे. मला हा सरळ सरळ लुटीचा प्रकार वाटला, पण ईस्टरच्या गर्दीत घेतल्यावाचून गत्यंतर नव्हतं. सगळ्यांसाठी घ्यायची गरज नव्हती. आजी-आजोबा सावलीत बसणार असतील तर त्यांचं वगळता यायचं. बुकिंगसाठी सकाळी सातच्या ठोक्याला फोन हातात हवा असायचा, हॉलिवूड स्टुडिओजच्या दिवशी पहिला नंबर स्लिंकी डॉग राइडला. ब्रिटनहून गेलेल्यांना ही वेळ सोपी, जेट लॅगमुळे सगळे चारलाच टक्क जागे असतात. विमानतळाहून डिस्नेची मोफत बस जानेवारी 2022 पासून बंद आहे, टॅक्सी किंवा पैसे भरून शटल धरा.

आमच्या मुक्कामात 18 एप्रिलचा सोमवार आला. रविवारपर्यंत मिकी लांबूनच हात हलवत होता, सोमवारपासून मिठ्या पुन्हा सुरू झाल्या. धाकटीला दोन वर्षांत ‘लांब उभी राहा’ एवढंच शिकवलेलं. ती रेषेवर थांबली आणि मागे वळून माझ्याकडे बघू लागली. ‘जा गं’ म्हटल्यावर गेली. त्याच दिवशी, आमच्यापासून तास-दीड तासावर असलेल्या टँपाच्या फेडरल न्यायालयाने प्रवासातली मास्कसक्ती रद्द केली. सोमवारी मोनोरेलमध्ये नाकाखाली घसरलेल्या मास्कवरून लोकांना टोकत होते, मंगळवारी निम्मा डबा मोकळ्या चेहऱ्याचा. आम्ही सासू-सासऱ्यांमुळे घालूनच होतो, कोणी वाकड्या नजरेने बघितलं नाही.

खाण्याचे हाल होत नाहीत. पार्कात बाहेरचं खाणं नेता येतं, फक्त काचेची भांडी नकोत. थालीपिठं आणि दाण्याची चटणी रोज बरोबर असायची. मेन्यूवर हिरव्या पानाची खूण असेल तर पदार्थ पूर्ण वनस्पतिजन्य. ॲनिमल किंगडममधल्या सातुली कँटीनचा टोफू सासूबाईंनाही आवडला. ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातल्या सना रेस्टॉरंटमध्ये नान, पापड आणि चटण्यांचं मोठं ताट येतं, खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. ‘पापड खायला एवढ्या लांब?’ असं म्हणत सासऱ्यांनी ताट पुसून खाल्लं. टेबलं 60 दिवस आधी खुली होतात आणि पटकन संपतात.

27 मे 2022 ला एपकॉट पार्कात कॉस्मिक रिवाइंड ही राइड सुरू होणार होती. तिला साधी रांग नव्हती, व्हर्च्युअल क्यू (फोनवरची रांग) होती. सकाळी सात आणि दुपारी एक या दोन वेळा फोनवर नंबर लावावा लागणार होता, नाहीतर वेगळे पैसे मोजायचे. निघणाऱ्यांनी ॲप घरीच उतरवून सगळ्यांची तिकिटं एका खात्यात जोडून ठेवा, पार्कच्या दारात ते करायला वेळ मिळत नाही.